न कळवता रिसोडला

मुलगी नर्सचं शिक्षण संपवून रिसोडच्या दवाखान्यात लागली, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी आसेगावच्या शाळेत मास्तर. पोरांना गणित घालायचो आणि ती सोडवेपर्यंत तीनदा दाराशी जाऊन पोस्टमनची वाट बघायचो. पंधरा दिवस पत्र आलं नाही, तसा एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्याबरोबर मी न कळवता मोटारीत बसलो.

तिच्या खोलीला कुलूप. शेजारच्या दारातून घरमालकीण डोकावली. ती एका बांगडीवाल्याची बायको.

"तुमी नर्सबाईचे अब्बा ना? नाक सारखंच हाये. बसा. ते काल सकाळीच बैलबंडीनं खेड्यात गेली. एक बाई अडली व्हती."

"कालपासून? एकटीच?"

"मंग? महिन्यातून चारदा जाते."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पत्रात 'इकडे सर्व ठीक' एवढंच असायचं. मी ओट्यावर बसलो, उठलो, रस्त्यापर्यंत जाऊन आलो, पुन्हा गेलो. शेवटी भाड्याची बंडी शोधायला निघालो, तर बाई म्हणाली, "कोन्त्या रस्त्यानं येते कोनाले मालूम? फिकर नका करू. च्या घ्या."

ऊन कललं तेव्हा लेक आली. लुगडं चिखलानं भरलेलं, डोळे तांबारलेले. मला बघून ती थबकली.

"बाबा? आई बरी हाये ना?"

"बरी आहे. तुझं पत्र नाही, म्हणून आलो."

"मले वाटलं काई झालं!" ती पायरीवरच टेकली. "पोरगं पायाळू होतं. दोघंबी वाचले."

ही नोकरी सोड, घरी चल, असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. त्याच्या बायकोला कळा सुटल्या होत्या. लेकीनं तोंडावर पाणी मारलं, पिशवी उचलली.

"मी येतो सोबत," मी म्हणालो.

"तुमी कायले, बाबा? तठी मी मानसायले दाराबाहेर उभं करतो." माझ्या हातात किल्ली ठेवून ती गेलीसुद्धा.

बायकोनं बांधून दिलेल्या शेवया, लोणचं मी खोलीत ठेवलं. कंदिलाजवळ माझ्या पत्रांचा गठ्ठा होता. वरची दोन फोडलेलीच नव्हती. संताप आला. मग आत मी काय लिहिलं होतं ते आठवलं: वेळेवर जेव, दाराला कडी लाव, अमक्याचा मुलगा बघितला आहे. प्रत्येक पत्रात तेच. पाकिटं तशीच ठेवली, किल्ली घरमालकिणीला दिली आणि शेवटच्या मोटारीनं निघालो.

"कशी हाये पोरगी?" बायकोनं उंबऱ्यातच विचारलं.

"पायाळू पोर सोडवलं तिनं."

बायको खालीच बसली. हसली, मग डोळे पुसले. "अन् जेवली व्हती का ते?"

ते मी विचारलंच नव्हतं.

पुढं मी पंधरवड्याला एकच कार्ड टाकू लागलो. हात शिवशिवायचा, पण कार्डावर जागाच थोडी असते. तिची उत्तरं मात्र लांबलचक होत गेली. त्यांत आता बाळंतिणी असायच्या, वाटेतले नाले असायचे, आणि ते वाचून मी पुन्हा अंगणात येरझाऱ्या घालायचो.