मोहरीच्या उशीवरचा कॅमेरा

लेकीच्या बाळंतपणाला मी नेदरलँड्समध्ये लायडनला गेले तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू होते आणि माझ्या जुन्या साडीची शिवलेली मोहरीची उशी. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे देतात ना, तीच. पण घरी तपासायला येणाऱ्या तिथल्या नर्सनं पाळण्यातली उशी उचलली आणि हसतमुखानं माझ्या हातात ठेवली. बाळाला उशी द्यायची नाही म्हणे. मला जरा लागलंच. लेक म्हणाली, "आई, तोंड पाडू नकोस. गोल डोक्याला कोण मार्क देतंय?"

संध्याकाळी जावई घरी आले की मला काही काम उरायचं नाही. शेजारीणबाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना कोल्ह्यांचे फोटो काढायचा नाद. समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्यांत त्या गाडीनं जायच्या. एकदा मलाही घेऊन गेल्या. इंग्रजी दोघींचं मोडकं, त्यामुळे छान जमलं. जावयांनी कपाटातला जुना कॅमेरा आणि लांबची लेन्स दिली. सगळी बटणं दाबून दाबूनच शिकले मी.

मावळतीचा उजेड म्हणजे फार कंजूष गोष्ट. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर माझे हात थरथरतात, कॅमेऱ्याला जास्त उजेड ओढायला लावावं तर फोटोत रव्यासारखे दाणे येतात. बाईंनी लाकडी कुंपणाच्या खांबाकडे बोट दाखवलं, की त्याच्यावर टेकव. खांब खडबडीत. दुसऱ्या दिवशी मी मोहरीची उशी नेली, खांबावर ठेवली, तिच्यात लेन्स रुतवली. हललीच नाही! बाईंनी उशी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "मलाही एक शिवून दे."

बाई तिथल्या एका तळ्यापलीकडे कॅमेऱ्याची तिवई लावून बसत, मी कुंपणाशी. तिथेच ती कोल्हीण आली. पाठ हाडकुळी, पोटाशी दुधानं भरलेले सड. बाळंतीण! मी काय करणार? पर्समध्ये लेकीनं उरवलेला अर्धा लाडू होता, तो टाकला. तिनं लांबूनच वास घेतला आणि मी दोन पावलं मागे गेल्यावर उचलला. मग रोजच नेऊ लागले. पाचव्या दिवशी ती माझ्यापासून चार हातांवर बसली. फोटो असा आला, की मिशांचा केस न् केस मोजून घ्या.

मी मोठ्या ऐटीत तो बाईंना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग विचारलं, "ही इतक्या जवळ कशी आली?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी मला गाडीत बसवलं आणि टेकड्यांच्या कडेच्या रस्त्यावर नेऊन थांबवलं. म्हणाल्या, "मागच्या वर्षी अशीच एक धीट कोल्हीण होती. लोक खायला द्यायचे. गाडी थांबली की धावत यायची. इथे, या वळणावर गाडीखाली मेली. तिची पिल्लं मग आम्हाला दिसली नाहीत."

घरी आल्यावर लेकीला सांगितलं.

"आई, तू कोल्ह्याला डिंकाचा लाडू घातलास?"

"कोल्हिणीला. आणि रोज अर्धाच. तू उरवलेला."

ती हसून हसून पोट धरायला लागली, टाके दुखतात म्हणून ओरडली, आणि मग माझं तोंड बघून तिनं हसू आवरलं. म्हणाली, "अजून तीन आठवडे आहेस ना इथे? तूच लावलीस सवय, तूच मोड."

दुसऱ्या दिवशी पर्स घरी ठेवली. कोल्हीण आली, नेहमीच्या जागी बसली, माझ्या हाताकडे बघू लागली. बाईंनी सांगितलं होतं तशी मी जोरात टाळी वाजवली. "हाड! जा!" ती दोन उड्या मागे गेली आणि तिनं वळून पाहिलं. बाळंतिणीला दारातून हाकलायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. बाईंच्या गाडीत मी घरापर्यंत नाक पुसत होते.

मग आम्ही दोघी तळ्यापलीकडेच बसू लागलो. ती रोज येऊन कुंपणाशी हुंगायची. मला वाटायचं, उपाशी असेल का? मीच तिची शिकारीची सवय मोडली का? मग चार दिवस ती आलीच नाही. त्या चार दिवसांत त्या वळणावरून जाताना मी डोळे मिटून घेत होते.

परतीच्या आदल्या संध्याकाळी पावसाची भुरभुर होती, उजेड जवळजवळ संपला होता. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. समोरच्या टेकडीवरून ती येत होती. तोंडात ससा! मागे तीन पिल्लं, धडपडत, एकमेकांच्या शेपट्या ओढत. उशीवर लेन्स टेकवली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. त्या आवाजासरशी तिनं कान टवकारले, पिल्लांना झुडपांत घातलं आणि स्वतःही आत गेली.

तो फोटो पुण्यात माझ्या पलंगासमोर लावलाय. सगळा रव्याच्या दाण्यांचा. येणारेजाणारे विचारतात, "यात काय आहे?" मी बोट ठेवून दाखवते: हे कान, हा ससा, ही तीन ठिपक्यांसारखी पिल्लं.

"फार लांबून काढलाय हो," म्हणतात.

"हो ना," मी म्हणते, "लांबूनच."