एवढं प्रकरण संपू दे

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. या सदरातले इतरांचे अनुभव वाचतो, मनातल्या मनात हसतो आणि पान उलटतो. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाणी मोजायचं, आकडा कळवायचा, बाकी विचार करायची सवयच नाही. पण आता वय झालंय. आणि तेव्हा मी लोकांना जे सांगितलं ते खरं नव्हतं.

साल शहाण्णव असेल, किंवा सत्त्याण्णव. इगतपुरीच्या बाजूला एका लहान धरणावर माझी पावसाळी ड्यूटी होती. जोडीला यशवंत. घोटीकडचा, माझ्याहून बराच तरुण, मला अण्णा म्हणायचा. धरणाच्या एका टोकाला आमची पत्र्याची चौकी. दुसऱ्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि त्यांच्या कडेच्या भिंतीवर पातळीचे आकडे रंगवलेले. पाऊस धरला की तासातासाला तिथे जाऊन आकडा बघून यायचा. एकदा मी, एकदा तो.

त्या आठवड्यात मी नाशिकच्या वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली होती. डोंगरावरचं एक आरोग्यधाम, दरड कोसळून रस्ता बंद, आत अडकलेली माणसं आणि त्यांच्यातलाच कोणीतरी खुनी. आमची अवस्था काही वेगळी नव्हती... धुकं इतकं की चौकीच्या दारातून धरणाची भिंत दिसत नव्हती. पुस्तकाची शिवण सुटलेली. त्यामुळे माझी वाचून झालेली पानं मी यशवंतला द्यायचो आणि तो मागून वाचत यायचा. पुढच्याने मागच्याला काही सांगायचं नाही, असं ठरलेलं. त्याचा संशय स्वयंपाक्यावर. "भाजी खारट करतोय म्हंजे मन दुसरीकडं हाय त्याचं," म्हणायचा. मी नुसता खोकलो तरी चिडायचा — "खोकू नका अण्णा, तुमच्या खोकल्यावरनं कळतं मला."

त्या दिवशी दुपारीच अंधारून आलं होतं. आकडा बघायची पाळी माझी होती. पण मी शेवटच्या प्रकरणावर आलो होतो. सगळे दिवाणखान्यात जमलेत, इन्स्पेक्टर एकेकाकडे बघतोय... मी यशवंतला म्हणालो, या खेपेला तू जा, पुढच्या दोन्ही माझ्या.

तो रेनकोट चढवत म्हणाला, "जातो. पण नाव सांगायचं नाय हां."

मग मी वाचत बसलो. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पाठ दाराकडे होती. ओल्या रेनकोटाचा रबरी वास आला, म्हणजे यशवंत आला हे मी न बघताच ओळखलं. तो खुर्चीच्या मागे उभा राहिला. नेहमीसारखा, जरा संकोचून म्हणाला —

"अण्णा, येता का जरा?"

मला वाटलं पायरीवर झाडबीड अडकलं असेल. मान वर न करता मी म्हणालो, "थांब रे. एवढं प्रकरण संपू दे."



प्रकरण संपवून मी वळलो तर चौकीत कोणी नव्हतं. खुर्चीमागे अंथरलेलं गोणपाट मात्र ओलं होतं. छप्पर तिथे गळत नव्हतं. बाहेर गेला असेल म्हणून मी स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. चहा उकळून आटायला लागला तरी तो येईना, तेव्हा कुठे मी बाहेर पडलो. भिंतीवरून हाका मारत गेलो. पायऱ्यांपाशी नुसतं पाणी होतं, गढूळ आणि वर चढलेलं.

पाणी उतरल्यावर गावातल्या माणसांनी त्याला काढलं. पाय घसरून पायऱ्यांलगतची लोखंडी शिडी आणि पायरी यांच्या फटीत अडकला होता. पाणी वर येईपर्यंत तो तिथेच जिवंत असणार, असं सगळे म्हणाले. एक म्हातारा म्हणाला, दुसरं माणूस असतं तर पाय निघाला असता.

मी सगळ्यांना सांगितलं, पाळी त्याची होती. मला काही ऐकू आलं नाही.

पुढे एकदा धरणाच्या सांडव्यावरून जादा पाणी त्या दिवशीसारखंच धो धो वाहत असताना मी एका माणसाला त्या पायऱ्यांवर उभं करून ओरडायला लावलं. चौकीत काहीही ऐकू येत नाही. आणि मी ऐकलं ते ओरडणं नव्हतंच. शेजारी उभं राहून हळू विचारावं तसं होतं. भास म्हणावा, तर ओलं गोणपाट मी हाताने चाचपून बघितलं होतं. मग तो तिकडे अडकलेला असताना इकडे कोण आलं होतं?  त्या कादंबरीत खुनी कोण निघाला, ते आता आठवतही नाही.

यशवंतची बायको सुमन. मी तिच्याकडे दर दिवाळीला जायचो, सांगायचंच असं ठरवून. ती दर वेळी एकच विचारायची, "जाताना ते काय बोलले व्हते का हो अण्णा?" मी नकारार्थी मान हलवायचो. शेवटच्या खेपेला तिने विचारलंही नाही. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्ही व्हता तिथं, तेवढंच बरं वाटतं. एकटे नव्हते ते."

"सुमन..." मी म्हणालो. ती हातातलं भांडं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"साखर कमी घाल," म्हणालो.

पुढच्या दिवाळीच्या आधीच ती गेली. मुंबईकडे असलेल्या तिच्या भावाने कळवलं.

सुमन, पाळी माझी होती. त्याने मला बोलावलं होतं आणि मी त्याला थांब म्हणालो. मला माफ कर.