कापसाच्या खोलीतली शिंक

नव्या कापसाचा उबदार वास आला की देवळीचं आमचं घर आठवतं. एकदा तिथं मी लॅपटॉपवर गाणं बनवत होतो, पण ताईचा आवाज रिकाम्या खोलीत फार घुमायचा. आई म्हणाली, “कापसाच्या खोलीत काऊन नाई गात? तिथून हाक देली त बाहेर आयकूबी येत नाई.” दुसऱ्या दिवशी सकाळी तो कापूस गाडीत भरायचा होता, म्हणून लगेच माइक नेला. ढिगात कमरेपर्यंत रुतून ताई गायली आणि आवाज अगदी स्वच्छ आला. शेवटी मात्र ती जोरात शिंकली. “काढून टाक ते!” ती ओरडली. मी तीच शिंक ढोलाच्या ठोक्यावर बसवली. नंतर गल्लीतल्या वरातीत ते गाणं लागलं, तर त्या ठोक्याला सारी वरात शिंकत होती. सगळ्यात मोठ्यानं ताई.