चालताना सिंथेटिक, थांबल्यावर लोकर

आयर्लंडमध्ये पावसाला न भिणारे लोक पुष्कळ भेटतात; ओल्या कपड्यांना माझ्या ॲडम्सटाउनमधल्या शेजाऱ्याइतका भिणारा माणूस मात्र सबंध बेटावर दुसरा नसावा. नागपूरच्या उन्हात वाढलेला, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा हा गृहस्थ दर शनिवारी माझ्याबरोबर विकलोच्या डोंगरात चालायला यायचा, आणि मरणाची पूर्ण तयारी करून यायचा. माणूस बर्फात मरत नाही, ओल्या बनियनात मरतो, असं त्याचं मत होतं. एकदा त्याने लोकरीचा बनियन आणि पॉलिएस्टरची जर्सी बादलीत भिजवून पिळली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, आणि मग एकेक अंगात घालून, काखेत थर्मामीटर धरून, मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांशेजारी वीस-वीस मिनिटं उभा राहिला. चहा आणू की ॲम्ब्युलन्स बोलावू, असं बायको खिडकीतून विचारत होती. निष्कर्ष असा निघाला की लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, पण वाळायला दिवस लावते. सिंथेटिक चटकन वाळतं, पण थांबलं की अंगाला गार चिकटतं. निवड करताना तो इतक्या वेळा कपडे बदलायचा की कधीकधी तोवर पाऊसच थांबायचा. शेवटी तोडगा निघाला: चालताना सिंथेटिक, थांबल्यावर लोकर. लोकरीचा बनियन प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाठीवरच्या बॅगेत असायचा. सुती कपडा घातलेल्या माणसाकडे तो दिवंगताकडे बघावं तसं बघायचा.

२०१७ साली आमच्या मराठी मंडळींनी डोंगरावरच्या सहलीसाठी भगवे टी-शर्ट छापून घेतले. शंभर टक्के सुती. त्याने तो अंगात न घालता बॅगेला बांधला. नागपूरचा ना तू, का उत्तर ध्रुवाचा, असं कुणीतरी म्हणालं. हसणाऱ्यांत मी होतो.

माथ्याजवळ धुकं उतरलं. माझा गुडघा मुरगळला, बाकीचे पुढे निघून गेले होते, फोनला रेंज नव्हती. आम्ही दोघं एका खडकाआड बसलो. रेनकोटच्या आत माझा टी-शर्ट घामाने आणि पावसाने निथळत होता. बराच वेळ मी कुडकुडत होतो. मग कुडकुडणं थांबलं, आणि आता बरं वाटतंय, असं मी त्याला सांगितलं. गारठलेलं अंग कुडकुडायचंही सोडून देतं, तेव्हा ते हरायला लागलेलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

“तेराचा पाढा म्हण.”

“काहीतरीच काय?”

“म्हण ना भाऊ.”

मी बावन्नपर्यंत आलो. पुढचा आकडा कुठेच नव्हता. भीती मला त्या क्षणी कळली. त्याला ती आधीच कळली होती. पिशवीची गाठ सुटेना. त्याने ती दातांनी फाडली. माझा टी-शर्ट काढून लोकरीचा बनियन माझ्या अंगात घातला, वर रेनकोट चढवला आणि मला मागून कवटाळून बसला. तो स्वतः ओल्या जर्सीत होता आणि थांबलेला होता, म्हणजे त्याच्याच नियमाने चुकीच्या कपड्यात. दातांवर दात आपटत तो पुन्हापुन्हा पाढा विचारत राहिला. कितव्यांदा तरी मी पासष्ट म्हणालो, तेव्हा त्याचा हुंदका मला पाठीला जाणवला. पुढे गेलेले लोक शोधत परत आले आणि आम्हा दोघांना धरून त्यांनी खाली आणलं.

गाडीत हीटर चालू होता.

“मला वाटायचं, मी फार घाबरतो,” तो म्हणाला. “बनियन एकच आणला होता रे.”

पुढच्या वर्षी बायकोच्या नोकरीमुळे तो देशाच्या पश्चिम टोकाला, कासलबारला राहायला गेला. तिकडे पाऊस आणखी जास्त. अजूनही शनिवारी सकाळी त्याचा फोन येतो. काय घातलंस, असं तो आता विचारत नाही. सोबत कोण आहे, एवढंच विचारतो. कुणी नाही म्हटलं की तो फोन ठेवतच नाही. मग मी डोंगरावर जायला घातलेले बूट पायातून काढून ठेवतो.