साडेपाचला उठणारे नाना

सामना कितीही रंगात आलेला असो, साडेपाच वाजले की नाना कोठारे उठत. छत्री काखेत मारून "शालू, पुढचं पेपरात वाचीन" म्हणत आणि चालू लागत. दादरच्या क्लबात मी तीन वर्षं टेनिस खेळले. माझा शेवटचा पॉइंट त्यांनी एकदाही पाहिला नाही.

नाना गिरगावातले, सरकारी कचेरीत कारकून. रॅकेट त्यांनी कधी हातात धरली नव्हती, पण जगभरच्या उगवत्या पोरापोरींचा माग काढायचं त्यांना वेड होतं. बोटीने येणारी शिळी विलायती वर्तमानपत्रं वाचनालयात बसून वाचायची आणि ज्युनिअर स्पर्धांचे निकाल पाठ करायचे. "आपली डेन्मार्कची पोरगी पॅरिसला पहिल्याच फेरीत हरली होती. लंडनला उपांत्य फेरीपर्यंत पोचली बघ. सर्व्हिस सुधारली असणार," असं ते सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, ती पोरगी ठाकुरद्वारलाच राहते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका शनिवारी दुपारी लालबागेत गोळीबार झाल्याचं कळलं, ट्रॅम बंद पडल्या. सगळ्यांनी क्लबातच थांबायचं ठरलं. नाना मात्र छत्री घेऊन निघाले. एकटे कसे जाणार म्हणून माझे वडीलही बरोबर गेले. परळला पोलिसांनी दोघांना अडवलं, तेव्हा नानांनी हवालदारापुढे हात जोडले. म्हणाले, "घरी बहीण अंथरुणाला खिळलीय. शेजारीण सहाला जाते. मग तिला पाणी द्यायलाही कोणी नसतं." हवालदाराने त्यांना सोडलं, वडिलांना परत पाठवलं. आम्हाला नानांच्या घरचं कळलं ते असं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या बहिणीचं, माईंचं, अर्धं अंग लुळं होतं, बोलणं मात्र तरतरीत. नाना चहा करायला आत गेले तशी माई म्हणाल्या, "हा माझ्यापायी अडकलाय असं लोक म्हणतात. मी ह्याला कितीदा सांगितलं, चार दिवस कुठेतरी जाऊन ये. दारापर्यंत जातो आणि मागे वळून विचारतो, उशी नीट करू का?"

दोन वर्षांनी माई गेल्या. त्याच हिवाळ्यात कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेसाठी माझी निवड झाली. डेन्मार्कची पोरगीही तिथे येणार होती. मी नानांना म्हटलं, "आता तुम्ही चलायचंच." त्यांनी रजा काढली, नवा कोट शिवला. बोरीबंदरला गाडीत बसल्यावर वडिलांना त्या पोरीचा बॅकहँड समजावून सांगत होते. मग हळूहळू त्यांचं बोलणं थांबलं. कल्याणला चहा प्यायला म्हणून ते उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले.

"शालू, माझी ट्रंक दे. मी इथूनच परततो."

"का नाना? आता घरी कोण आहे?"

"कोणी नाही गं. तरी जीव घाबरा होतोय. वीस वर्षं मुंबईबाहेर पाय टाकला नाही. आता जमायचं नाही."

वडिलांनी समजूत घातली, पण नाना मान हलवत राहिले. गाडी सुटली तेव्हा ते फलाटावर ट्रंकेवर बसले होते. मला त्यांचा फार राग आला होता.

कलकत्त्याला मी दुसऱ्या फेरीत हरले. डेन्मार्कची पोरगी जिंकली. परतल्यावर मी थेट गिरगावात गेले आणि नानांना अंतिम सामना पॉइंट-पॉइंट सांगितला. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "कप घेतल्यावर ती आम्हा मुलींच्या खोलीत येऊन रडत बसली, नाना. सात महिने एकीकडून दुसरीकडे फिरतेय म्हणाली. तिला घरी जायचं होतं, पण पुढे अजून तीन गावं बाकी होती."

नानांनी डोळे उघडले. "तिच्याबरोबर घरचं कोणी नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी माईंच्या रिकाम्या खाटेवरची उशी नीट केली. मग म्हणाले, "मी यायला हवं होतं."