तेलकाकांच्या अकरा नोंदी

माझ्या नणंदबाई एखाद्या गोष्टीच्या मागे लागल्या की त्यांना जेवणखाण सुचत नाही, आणि आजूबाजूच्यांनाही त्या सुचू देत नाहीत. घरात चमचा हरवला तरी त्यांची चौकशी सुरू होते, शेवटचा कुणी पाहिला, कुठे आणि कशासाठी. नवी नवरी होते तेव्हा मला ही बाई फौजदारच वाटली होती. अजूनही वाटते, पण आता मी तिच्या बाजूची आहे.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी एकाच मजल्यावर काम करतो. मी फोन घेते, ताई अहवालांचा डेटाबेस सांभाळतात. मेकॅनिकनं इमारतीत जाऊन लिफ्ट तपासायची आणि तिथूनच मोबाइलवर नोंद करायची, असा नियम आहे. दर अर्ध्या तासाला एक प्रोग्रॅम नव्या नोंदी उचलून ताईंच्या डेटाबेसमध्ये टाकतो. महिनाअखेरीस कुणी किती लिफ्ट तपासल्या त्याचा अहवाल मालकीणबाईंच्या टेबलावर जातो.

त्या महिन्यात तेलकाकांच्या अकरा तपासण्या अहवालात नव्हत्या. तेलकाका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक. तेलाची बुधली कायम खिशात, म्हणून हे नाव. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. लिफ्ट न तपासणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, तेव्हा शुक्रवारी बारा वाजता त्यांना काढून टाकायचं ठरलं. ठरवलं सुपरवायझरांनी. त्यांना आम्ही पाठीमागे घड्याळसाहेब म्हणतो, कारण तीस वर्षांत एकदाही उशीर झाला नाही हे ते दिवसातून तीनदा ऐकवतात. तेलकाका एवढंच म्हणाले की मी गेलो होतो. मला त्यांचाच राग आला. माणसानं भांडावं तरी.

बुधवारी ताईंनी मूळ नोंदवही उघडली, म्हणजे मोबाइलवरून आलेल्या नोंदी आधी जिथे जमा होतात ती जागा. अकराच्या अकरा नोंदी तिथे होत्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड भरलेला आणि पोहरा रिकामा. घड्याळसाहेबांना ते पटलं नाही. तेलकाकांनी नंतर घरी बसून, मोबाइलचं घड्याळ मागे करून नोंदी भरल्या असतील, म्हणून अहवालात आल्या नाहीत, असं त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं, आणि बाईंनी मान डोलावली. आता नोंदी दाखवून भागणार नव्हतं. त्या गळाल्या कशा, ते दाखवायला हवं होतं.

संध्याकाळी मी मटार सोलत बसले होते. ताई शेजारच्याच इमारतीत राहतात. त्या कागद घेऊन आल्या आणि मटार बाजूला सारून बसल्या. कागदावर त्या अकरा नोंदींच्या वेळा लिहिलेल्या होत्या. दहा वाजून चार, दहा सदतीस, अकरा बारा. सगळ्या सकाळी दहा ते बारामधल्या, आणि सगळ्या प्रोग्रॅम येऊन गेल्यानंतरच्या वीसेक मिनिटांतल्या.

"वहिनी, दहा ते बारा आपल्याकडे काय होतं गं?"

"काय व्हायचंय? पावणेदहापासून घड्याळसाहेब फेरीवर असतात. प्रत्येक इमारतीत पोहोचले की मला फोन करून सांगतात, नि मी मुकाट्यानं भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत वेळ लिहिते."

ताईंनी माझ्या हातातली शेंग काढून घेतली. "वही कुठाय?"

वही ऑफिसात होती. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडणाऱ्याच्या आधी आम्ही दारात हजर. मला फोन केला की साहेब लगेच आपल्या फेरीची नोंद मोबाइलवर करतात. माझ्या वहीत दहा पंचावन्न, डेटाबेसमध्ये त्याच भेटीची नोंद अकरा वीसची. पान उलटलं, तोच फरक. महिनाभर पंचवीस मिनिटं.

ताईंनी मला समजावलं. वाचताना आपण पुस्तकात खूण ठेवतो, तशी तो प्रोग्रॅम उचललेल्या शेवटच्या नोंदीवरच्या वेळेची खूण ठेवतो आणि पुढच्या खेपेला तिथून पुढचंच उचलतो. साहेबांच्या मोबाइलनं खूण अकरा वीसवर नेली, की तेलकाकांनी अकरा बाराला केलेली नोंद मागच्या पानावर राहिली. मी विचारलं, मग बाकीच्यांच्या नोंदी का नाही गळाल्या? ताई हसल्या. बाकीचे सगळे दिवसाच्या नोंदी दुपारी चहाच्या वेळी एकदम ठोकतात. नियम पाळणारा माणूस अख्ख्या कंपनीत एकच निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. मला तिथल्या तिथे बोंब मारायची होती. ताईंनी मला गप्प बसवलं आणि दिवसभर एकेक तारीख पडताळत बसल्या.

शुक्रवारी सगळे वेळेआधीच मालकीणबाईंच्या खोलीत जमले. मला वहीसकट आत बोलावलं होतं. ताईंनी पहिला प्रश्न साहेबांनाच विचारला.

"साहेब, किती वाजले?"

त्यांनी मोबाइल पाहिला. "बारा दहा."

भिंतीवर पावणेबारा वाजले होते. मालकीणबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "माझं घड्याळ कायम पंचवीस मिनिटं पुढे असतं," साहेब छाती काढून म्हणाले. "म्हणूनच तर तीस वर्षांत..." आणि तिथेच थांबले. माणूस हुशार आहे, बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं.

ताईंनी पुस्तकाच्या खुणेची गोष्ट पुन्हा सांगितली, वही पुढे ठेवली. आवाज जराही चढवला नाही. ही माझी नणंद, असं तिथल्या भिंतीलासुद्धा सांगावंसं वाटलं मला. मालकीणबाईंनी तेलकाकांना विचारलं, की इतरांसारख्या चहाच्या वेळी नोंदी केल्या असत्या तर एवढं रामायण झालं नसतं, नाही का?

"अकराला बघितलेली लिफ्ट चारला बघितली, असं कसं लिहू?" तेलकाका म्हणाले.

साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली आणि मोबाइलचं घड्याळ स्वतःच्या हातानं मागे घेतलं. ताईंनी दुपारपर्यंत प्रोग्रॅम बदलला. आता तो मोबाइलच्या वेळेवर विसंबत नाही, नोंद आमच्याकडे आली त्या क्रमानं उचलतो. तेलकाका बघायला आले. पडद्यावर बोट फिरवत त्यांनी अकरा ओळी मोजल्या आणि उमटलेला तेलाचा डाग बाहीनं पुसला.

सोमवारी घड्याळसाहेब नेहमीच्याच आकड्याला घरून निघाले असणार, म्हणजे आता पंचवीस मिनिटं उशिरा. नऊला एक मिनिट कमी असताना खालच्या दारातून धावत येताना दिसले, केस विस्कटलेले, तोंडाला फेस. आम्ही सगळे लिफ्टमध्ये होतो. कुणीतरी बटण दाबायला हात पुढे केला, पण तेलकाका दारात पाय घालून उभे होते.

"या साहेब," ते म्हणाले, "थांबलोय."