आप्पांचा हत्ती आणि लाइटचा मीटर

मी निपाणी सोडली त्या सकाळी आमच्या दारावरचा हत्ती अजून ओला होता. आमचे आप्पा पेंटर. आसपासच्या गावांत कुणाच्या घरी लग्न ठरलं की दारालगतच्या भिंतीवर हत्ती, पोपट आणि नवरा-नवरीची नावं आप्पांनीच काढायची. पण स्वतःच्या लेकीच्या लग्नात घरची भिंत आदल्या दिवसापर्यंत कोरी! निघताना माझ्या शालूच्या पदराला हिरवा रंग लागला. आत्या ओरडली, तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. निपाणीचा रंग हाय, बेंगळूरात कुठं मिळायचा?" एवढं बोलून तोंड फिरवून ब्रश धूत बसले.

बेंगळूरात मला काम मिळालं तेही चित्रांचंच. ऑनलाइन चित्रं विकणाऱ्या एका गॅलरीसाठी मी चित्रांचे फोटो काढते आणि कॉम्प्युटरवर ते नीट करते. कॅमेरा चित्राच्या बरोबर समोर, दोन्हीकडून सारखा उजेड, वाकडी चौकट सरळ, आणि चित्राबाहेरचं सगळं छाटायचं. आईला हे आजही पटलेलं नाही. "माणसांचं फोटो काढत न्हाईस व्हय? मग कशाचा पगार देत्यात?"

गेल्या वर्षी दादानं घराचा दर्शनी भाग पाडून नवा बांधायचं ठरवलं. डिजिटल बॅनर आल्यापासून आप्पांचं काम बसलं होतंच, आता हातही थरथरतो. म्हणजे ही भिंत गेली की तो हत्ती कायमचा गेला. आप्पा वरवर म्हणाले, "पाडा की. भिंत काय देव हाय व्हय?" मी मात्र रजा टाकून कॅमेरा घेऊन पोचले. उन्हाची तिरीप नको म्हणून दादा आणि आप्पा चादर धरून उभे राहिले, गल्ली गोळा झाली, आणि मी मनासारखे फोटो काढले. त्याच आठवड्यात भिंत पाडली.

बेंगळूरला येऊन मी फोटो नीट केला. कपडे वाळत घालायची दोरी काढली, वायर काढली, लाइटचा मीटर काढला, पोपडे बुजवले. हात सवयीनं फिरत गेला. घरच्या ग्रुपवर पाठवला आणि शाबासकीची वाट बघत बसले. आप्पांचा फोन आला.

"मीटर कुठं गेला गं?"

"काढला, आप्पा. चित्रात बरा दिसत न्हाई."

"आन् मग त्या हत्तीनं सोंडंत काय धरलंय? वारं?"

मी स्क्रीनकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. बाकीच्यांच्या हत्तीच्या सोंडेत फुलांची माळ असते. आमच्या भिंतीवर मधोमध मीटर होता, म्हणून आप्पांनी सोंडेचा वेढा त्याच्याभोवती घालून तो हत्तीलाच उचलायला लावला होता. लग्नात सगळे पाहुणे त्यावर हसले होते. खडूनं कन्नडमध्ये लिहिलेल्या नंबरासकट तो मीटर चित्रातलाच होता, आणि मी तो कचरा समजून पुसला!

नशीब, मूळ फोटोला हात लावायचा नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मीटर परत आला. तो फोटो मी गॅलरीतल्या मॅडमना दाखवला. त्यांना तो वेबसाइटवर हवा होता, पण "ती पेटी तेवढी काढ" म्हणून सांगितलं. मी नाही काढली, त्यांना सोंड दाखवली. त्याही हसल्या. आता तो हत्ती मीटरसकट वेबसाइटवर आहे आणि आप्पा येईल त्याला फोन दाखवतात.

मध्यंतरी त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात भिंतीवर काय काय हाय? फोटो पाठीव. छाटू नगंस काय." मी पाठवला: स्विचबोर्ड, आधीच्या भाडेकरूचा खिळा, ओल आलेला कोपरा, सगळं. संध्याकाळी तोच फोटो परत आला. दादाच्या मोबाइलवर बोटानं गिरवून आप्पांनी स्विचबोर्डाभोवती मोर काढला होता. पिसारा ओलीपर्यंत पसरलेला, चोच खिळ्यावर टेकलेली, रेघा सगळ्या थरथरलेल्या.

मला रडूच आलं. दिवसभर लोकांचं वाकडं सरळ करणारी मी, त्यातली एकही रेघ सरळ केली नाही. माझ्यासारख्या लांब गेलेल्या माहेरवाशिणींनो, इतकी वर्षं या जागेला मी 'फ्लॅट' म्हणत होते. त्या संध्याकाळपासून 'घर' म्हणते.